पस्तिसावा हिस्सा

आमच्या सोसायटीतील पाण्याच्या मोटरीवरील लोखंडी पेटीला कडी-कोयंडा बसवायला वेल्डिंगवाल्याला सात मिनिटे लागली, हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे. मला तशाच एका कामाला एकोणीस दिवस लागले. त्याची पेटी मोटरीवरची होती आणि माझी सेंच्युरियन रणगाड्याच्या बुरुजावरची, प्रत्यक्षाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी, इतकाच काय तो फरक. शिवाय त्याला त्या कामाचे पैसे मिळाले.

सेंच्युरियनच निवडण्यामागे कारण होते. १९७१ च्या युद्धात १६ डिसेंबर रोजी बसंतरच्या लढाईत ‘पूना हॉर्स’ या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यात अखेरपर्यंत लढले, तो सेंच्युरियन होता. खेत्रपाल जन्माने पुण्याचे, आणि ज्या लढाईसाठी त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, तिच्यात ते धारातीर्थी पडले तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांचे होते. असा रणगाडा आपल्या कपाटात असावा, आणि असायचाच तर तो नीट असावा, एवढीच माझी साधी इच्छा होती. ‘नीट’ या शब्दाने आजवर अनेकांचे संसार पणाला लावले आहेत, हे तेव्हा मला सुचले नाही.

मॉडेलच्या सुट्या प्लास्टिक भागांचे किट आणले, जोडले, आणि तेथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु बुरुजाच्या दोन्ही बाजूंना सामान ठेवण्याच्या ज्या पत्र्याच्या पेट्या असतात, त्यांच्या कड्या किटमध्ये पेटीच्याच अंगावर ओतून काढलेल्या होत्या. लांबून त्या कड्या दिसत. जवळून पाहिले की साबणाच्या वडीवर नखाने उठवलेल्या रेघा दिसत. एकदा हे लक्षात आल्यावर मला त्या रणगाड्यात दुसरे काही दिसेनासे झाले. आपण कड्या स्वतः घडवायच्या असे मी ठरवले. या उद्योगाला छंदी मंडळी स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘ते टेबलावरचे’ म्हणतात.

या छंदातील सगळा हिशेब पस्तीसने भागण्याचा असतो. त्या पवित्र आकड्याचा उगम मात्र फारसा पवित्र नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला गेला, आणि नंतर मोजून पाहिल्यावर ते प्रमाण सुमारे एकास पस्तीस भरले. म्हणजे जगभरातील प्रौढ पुरुष गेली साठ वर्षे भिंगाखाली डोळे फोडून ज्या प्रमाणाशी इमान राखत आहेत, ते बॅटऱ्यांच्या मापावरून ठरले. तरीही ते पाळावेच लागते. येथे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे रणगाड्यावर साडेसतरा मिलिमीटरची चूक, आणि तेवढी चूक ज्याला चालते त्याने पतंग उडवावेत. एकाच बाबतीत मी पस्तीसला शरण गेलो नाही. सेंच्युरियनचे वजन सुमारे एकावन्न टन, आणि पस्तीसचा तीनदा गुणाकार करून त्याने भागले तर मॉडेल जवळजवळ एक किलो दोनशे ग्रॅम भरले पाहिजे. माझे मॉडेल स्वयंपाकघरातील काट्यावर पाव किलोही भरले नाही. ‘अहो, मग आत तूरडाळ भरा,’ असे सौभाग्यवतींनी सुचवले आणि काटा धुऊन परत ठेवायला सांगितले.

साहित्याचा प्रश्न आधी आला. स्टायरीनचे पांढरेशुभ्र पातळ पत्रे परदेशातून मागवता येतात. पण त्यांची किंमत आणि टपालखर्च यांची बेरीज पाहिल्यावर माझी नजर घरातल्या वस्तूंकडे वळली आणि ती अजून वळलेलीच आहे. दह्याचा रिकामा कप हाती आला की त्याचा काठ मी दुमडून पाहतो. कट्‌कन मोडला तर तो पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्या कामाचा. नुसताच वाकून पांढरा पडला तर पॉलिप्रॉपिलीनचा, आणि त्याला कोणताही गोंद धड चिकटत नाही. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाच्या कपावर हा प्रयोग करत असताना शेजारच्या गृहस्थांनी आपले पान दोन इंच पलीकडे सरकवले, ते मी पाहिले आहे. सीडीचे पारदर्शक डबे उत्तम पॉलिस्टायरीनचे असतात, हा शोध मला लागला तो दिवस सासूबाईंच्या भजनसंग्रहाच्या दृष्टीने फारसा शुभ नव्हता. सध्या त्यांच्या सगळ्या सीडी एका पापडाच्या डब्यात सुखरूप आहेत, एवढेच मी येथे नोंदवतो.

बाकीचे सामान असेच जमत गेले. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे रणगाड्याच्या मापाने साडेतीन मिलिमीटर, आणि पेटीच्या पट्टीला तो बरोबर शोभतो. निकामी चार्जरच्या वायरीतील तांब्याचे एकेक तंतू, औषधाच्या दुकानातून आणलेल्या इंजेक्शनच्या सुया, मागच्या दिव्यासाठी सौभाग्यवतींच्या खड्याच्या टिकलीवरील लाल खडा, ताडपत्रीसाठी पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवलेला टिश्यू पेपर, असा तो संसार होता. सुया घेताना औषधवाल्याने ‘कोणाला काय होतंय?’ असे विचारले. ‘धूर सोडणाऱ्या नळ्या करायच्या आहेत,’ असे मी खरे उत्तर दिले, आणि तेव्हापासून तो मला डोकेदुखीची गोळीसुद्धा चिठ्ठी पाहिल्याशिवाय देत नाही.

खरी कडी कशी असते हे पाहण्यासाठी मी नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जाऊन आलो. तेथे १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि महाराष्ट्रातील माणसाला हे सुख महाराष्ट्रातच मिळते, याचा मला अभिमान वाटतो. लोक तेथे तोफेच्या नळीशी उभे राहून छायाचित्रे काढतात, पॅटनभोवती मुलांना फिरवतात, विजयंत पाहून भारावतात. मी सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला जाऊन पेटीच्या झाकणाकडे चाळीस मिनिटे पाहत होतो. एका छोट्या मुलाने आपल्या वडिलांना, ‘बाबा, ह्या काकांचं काही हरवलंय का?’ असे विचारले. तोपर्यंत काही हरवले नव्हते.

आता प्रत्यक्ष कडी. डब्याच्या पत्र्याची अर्धा मिलिमीटर रुंद पट्टी सर्जिकल ब्लेडने एका घावात कापायची. दुसरा घाव घातला की पट्टी गुंडाळी होते. तिचे एक टोक ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोसकायचे. हे ड्रिल हाताने, दोन बोटांत फिरवावे लागते आणि फिरवताना श्वास घ्यायचा नसतो. कोयंड्याच्या गोल कडीसाठी तांब्याचा तंतू २६ नंबरच्या सुईभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळायचा आणि मग त्या स्प्रिंगवर उभा छेद द्यायचा, म्हणजे एका वेळी दहा-बारा कड्या सुट्या होतात. सुईची जाडी ०.४६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात सोळा मिलिमीटरचे वेढे. हिशेब चोख होता. त्या कड्या कागदावर पडल्या तेव्हा कोणीतरी लेखातील अनुस्वार झटकून ठेवावेत तशा दिसत होत्या. मी कौतुकाने जरा पुढे वाकलो, नाकातून एक समाधानाचा श्वास सुटला, आणि बाराही कड्या गेल्या.

कड्या जाण्याचा दुसरा मार्ग म्हणजे चिमटा. चिमट्याने हळू धरले तर वस्तू सुटते आणि घट्ट धरले तर ती ‘टिंग’ असा अगदी बारीक आवाज करून उडते. तो आवाज मी आता झोपेतही ओळखतो. उडालेली वस्तू कोठे पडते याविषयी माझा अभ्यास असा, की ती टेबलावर कधीच पडत नाही. अशा वेळी खोलीतील दिवे मालवून, जमिनीवर गाल टेकवून, विजेरीचा झोत फरशीला समांतर सोडायचा. धुळीच्या प्रत्येक कणाची लांब सावली पडते आणि त्यांत एखादी सावली गोल असेल तर ती आपली. तेही साधले नाही तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून फरशी ओढायची, म्हणजे वस्तू मोज्यावर अडकते. या उपायाने मला आजवर दोन कड्या, एक कर्णफुलाचा फिरकीचा मळसूत्री खिळा आणि धाकटीचा दुधाचा दात मिळाला. तिसरी कडी दुसऱ्या दिवशी कार्यालयातील बैठकीत माझ्याच कोपराला चिकटलेली सापडली. मी ती सर्वांसमक्ष पाकिटातील बसच्या तिकिटात गुंडाळली, आणि साहेबांनी आपले वाक्य थांबवून माझे गुंडाळणे पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली.

कार्यालयाचा विषय निघालाच आहे तर अंगठ्याचेही सांगून टाकतो. क्षणात चिकटणाऱ्या गोंदावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो तत्काळ दगडासारखा घट्ट होतो. फटी बुजवायला याच्यासारखे दुसरे काही नाही. पाचव्या कडीच्या वेळी ती फट माझ्या अंगठ्याच्या रेषांत होती. पुढे चार दिवस हजेरीच्या यंत्राने मला ओळखायचे नाकारले. ‘अंगठ्याला काय झाले’ या रकान्यात मी ‘रणगाड्याचे काम’ असे लिहिले, आणि तो अर्ज अद्याप कोणाच्या तरी टेबलावर निर्णयाविना पडून आहे.

एकोणिसाव्या रात्री नववी कडी बसली. नऊच्या नऊ कड्या सरळ, समांतर, एका ओळीत. आठव्या कडीला मी कुलूपही लावले होते. ते दीड मिलिमीटरचे होते आणि त्याला किल्लीचे भोक होते. मला ते सर्वांना दाखवायचे होते. घरातील मंडळींनी ‘छान आहे’ असे जे म्हटले ते संपूर्ण रणगाड्याकडे पाहून म्हटले, म्हणजे त्यांना काहीच कळले नव्हते. तेव्हा मी खालच्या मजल्यावरील सुभेदारकाकांना वर बोलावले. त्यांची सारी नोकरी लष्कराचे रणगाडे दुरुस्त करण्यात गेली. उमेदीच्या काळात सेंच्युरियन त्यांच्या हाताखालून गेले आहेत. जगात या कड्यांची किंमत जाणणारा एक माणूस होता, आणि तो आमच्याच इमारतीत होता.

काकांनी चष्मा पुसला, माझे भिंग घेतले आणि बराच वेळ पाहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

‘फार सुबक,’ ते म्हणाले. ‘कुलूपसुद्धा केलंत? वा!’ आणि मग थोडे थांबून, ‘पण खरं सांगू का, या कड्या जागेवर असलेली पेटी मी फार कमी वेळा पाहिली. झाडाला घासल्या की गेल्या. गाडी रेल्वेवर चढवताना गेल्या. आम्ही आपली तार गुंडाळायचो. ही सातवी तरी काढा हो. असा नवाकोरा रणगाडा फक्त परेडला असतो.’

सबंध एकोणीस दिवसांत मला इतके शास्त्रशुद्ध मत कोणी दिले नव्हते. ते ऐकून जो धक्का बसायला हवा होता तो बसला. पण त्यापाठोपाठ, माझी मलाच लाज वाटेल एवढ्या तत्परतेने, तार कोणत्या जाडीची असे, असा प्रश्न माझ्या तोंडून निघाला. काकांनी बोटांनी माप दाखवले. ते पस्तीसने भागून मी चार्जरच्या वायरीतील तंतू वेगळा काढला, काकांनी तो पीळ कसा घालत ते दाखवले, आणि मी सातवी कडी उचकटण्यासाठी चिमटा हातात घेतला.

‘टिंग.’

सौभाग्यवती चहाचे दोन कप घेऊन आल्या तेव्हा खोलीत अंधार होता. लष्करातून सन्मानाने निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आणि मी, दोघेही फरशीला गाल टेकवून पालथे पडलो होतो, आणि काका विजेरी सरकवत, ‘डावीकडे घ्या, डावीकडे, कपाटाखाली काही चमकतंय,’ असे मला सांगत होते. सौभाग्यवतींनी काही विचारले नाही. कप टेबलावर ठेवले, कपाट उघडले आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मोजा बांधायला घेतला.