डिस्क अडकते म्हणून तिला टूथपेस्ट चोळण्याआधी

लग्नसराई आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच राहतं : घरी बर्न केलेली डीव्हीडी अडकत चालते याचं कारण एकच, हलकी डिस्क आणि घाईघाईचं बर्निंग. म्हणून महागाची डिस्क घ्या, सगळ्यात कमी स्पीडला बर्न करा, क्वालिटी मॅक्सिममवर ठेवा, वरून स्टिकर चिकटवा. तरी अडकली तर टूथपेस्ट लावून पुसा, आणि त्यानेही भागलं नाही तर प्लेअर बदला.

मी हे सगळं इमानेइतबारे करून पाहिलंय. टूथपेस्टसुद्धा.

घोळ ‘कारण एकच’ या दोन शब्दांत आहे. ‘डिस्क अडकते’ असं म्हणताना माणसं दोन अगदी वेगळ्या तक्रारी सांगत असतात. पहिलीत चित्र थिजतं, पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटतात, आवाज तुटतो आणि मग एकदम पुढचाच प्रसंग येतो. इथे प्लेअरला डिस्कवरून डेटा वेळेत मिळत नसतो. दुसऱ्या तक्रारीत चित्र कुठेच थांबत नाही, आवाजही स्वच्छ असतो, पण हलणारी प्रत्येक गोष्ट हिसके देत हलते. इथे डिस्क उत्तम वाचली जात असते. हिसके फाइलमध्येच होते, बर्नरने ते इमानाने उतरवले एवढंच. या दुसऱ्या दुखण्यावर महागाची डिस्क घेणं म्हणजे फोटो हलला म्हणून फ्रेम बदलणं.

माझी गोष्ट दुसऱ्या प्रकारातली होती. ताईच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप (जुन्या हँडीकॅममधली छोटी कॅसेट) मी डीव्हीडीवर उतरवली. मंगलाष्टकांपर्यंत सगळं झकास. वरात सुरू झाली आणि बँडपुढे नाचणारी मंडळी दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरायला लागली. मला वाटलं, डिस्कचा तेवढा भाग खराब असेल. तीन ब्रँडच्या मिळून पाच डिस्क झाल्या, दर वेळी स्पीड आणखी कमी, आणि वरात तशीच थरथरती.

खरं कारण होतं फील्डचा क्रम. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये विभागलेली असते. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. मिनीडीव्ही टेपवर खालचं फील्ड आधीचं असतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अपर फील्ड फर्स्ट’ निवडलेलं होतं. त्यामुळे क्षण १, २, ३, ४ असे दिसण्याऐवजी २, १, ४, ३ असे दिसत होते. मंगलाष्टकांच्या वेळी सगळे स्तब्ध उभे, तिथे क्रम उलटा असला तरी काय कळणार? वरातीत मात्र लगेच उघडं पडलं. एका ड्रॉपडाउनमध्ये ‘लोअर’ निवडलं आणि सहाव्या डिस्कवर, तीही डब्यातली सगळ्यात स्वस्त, वरात सुरळीत नाचली. एव्हीसीएचडी, म्हणजे टेपनंतर आलेल्या एचडी कॅमेऱ्याचा क्रम सहसा याच्या बरोबर उलट, म्हणजे वरचं फील्ड आधी. त्यामुळे पाठ करू नका, मूळ फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा.

म्हणून पहिली परीक्षा बर्न करण्याआधीची. सॉफ्टवेअरने हार्ड डिस्कवर व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर बनवलेला असतो, तो व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवा. डीइंटरलेस चालू करून मोड ‘बॉब’ (दोन्ही फील्ड एकामागून एक दाखवणारा) ठेवा, नाहीतर व्हीएलसी दोन्ही फील्ड एकत्रच दाखवतो आणि क्रमाची चूक झाकली जाते. इथेच हिसके दिसले तर डिस्क निर्दोष आहे.

आता टेपा कुणाकडे उरल्यात म्हणा. हल्ली मोबाइलवर घेतलेलं शूटिंग आजीसाठी डीव्हीडीवर टाकून द्यायचं असतं. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि सॉफ्टवेअरमध्ये सवयीने ‘पाल’ निवडलं की ३० चे २५ करावे लागतात. साधी सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममागे एक फ्रेम सरळ फेकून देतात. म्हणजे सेकंदाला पाच बारीक ठेचा. मांडवात कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की त्या स्पष्ट जाणवतात. अशा शूटिंगची डिस्क एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत, २९.९७ फ्रेमवर बनवावी. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि एलईडी टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात. शिवाय मोबाइलचा फ्रेमरेट एकसारखा राहत नाही, अंधारात तो खाली येतो. त्यामुळे आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घेतलेलं बरं.

‘क्वालिटी मॅक्सिममवर ठेवा’ हा तर या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. पहिल्या प्रकारची तक्रार, म्हणजे थिजणारं चित्र, पुष्कळदा यातूनच जन्माला येते. डीव्हीडी व्हिडिओत चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट आणि चित्र, आवाज, सबटायटल सगळं धरून १०.०८ मेगाबिट एवढीच परवानगी आहे. आता कुणी चित्र ९.५ वर ठेवलं आणि आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या रूपात, तर पीसीएमचे १.५ मेगाबिट मिळवून बेरीज ११ वर जाते. काही सॉफ्टवेअर अशी डिस्क बनवायला नकार देतात, काही निमूट बनवून देतात. बरं, सरासरी मर्यादेत असली तरी शिखरं वर जाऊ शकतात. अक्षता पडतानाचा प्रसंग घ्या. शेकडो दाणे एकाच वेळी हवेत, चित्राचा कोपरान्कोपरा दर फ्रेमला बदलतो आणि एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लिहिणारा भाग, बिट मागतच सुटतो. कमाल मर्यादा नीट घातलेली नसेल तर नेमक्या त्या क्षणी प्लेअरचा बफर, म्हणजे पुढचा डेटा साठवायची जागा, रिकामा होतो आणि नवरा-नवरी हार हातात धरून थिजतात. कमाल ८ मेगाबिट, सरासरी ५ ते ६, आणि आवाज पीसीएमऐवजी डॉल्बी डिजिटलमध्ये ठेवला की हा त्रास जवळजवळ संपतो. तसंही १०.०८ च्या गतीने साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर जेमतेम ६२ मिनिटं मावतात. तेवढ्यात आपल्याकडची सीमांतपूजनंसुद्धा आटपत नाहीत.

‘सगळ्यात कमी स्पीड’ हा सल्ला एके काळी बरोबर होता, म्हणूनच तो मरत नाही. सीडीच्या सुरुवातीच्या दिवसांत कॉम्प्युटर डेटा पुरवण्यात क्षणभर मागे पडला की डिस्क बाद व्हायची. २००० साली सान्योचं बर्नप्रूफ तंत्र आलं, तशीच इतरांची आली, आणि डेटा थांबला तर लेझरही थांबून पुन्हा तिथूनच सुरू करू लागला. आज बर्नर कोऱ्या डिस्कवरचा कोड वाचतो आणि त्या डिस्कसाठी आपल्या फर्मवेअरमध्ये ठरलेली लेझरची ताकद वापरतो. १६एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणाऱ्या, डिस्कचा रंगथर वेगवान लिखाणासाठीच बनवलेला असतो. तिच्यावर रेंगाळत लिहिलं तर चुका कमी होतील याची खात्री नाही, कधी त्या वाढतातही. पुष्कळ बर्नर अशा डिस्कवर १एक्स मुळात देतच नाहीत. तुम्ही निवडता एक, तो करतो दुसरंच. १६एक्सच्या डिस्कवर मी ८एक्स वापरतो आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं वाचून तपासणं) कधीही गाळत नाही.

हलक्या डिस्कबद्दल मात्र मेसेज पूर्ण चुकीचा नाही. रंगथर कडेकडे जाताना बिघडलेला असणं हा स्वस्त डिस्कचा खराखुरा दोष आहे. लिखाण आतून बाहेर जातं, त्यामुळे त्याची खूण अशी : सुरुवातीचा दीड तास ठीक, आणि अडकणं दर वेळी शेवटीच. तुमचं असं होत असेल तर डिस्क बदला, किंवा काठोकाठ भरू नका. बाकी कुठेही अडकत असेल तर आधी वरचं तपासा.

स्टिकर नको. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या, डेटा त्यांच्या मध्ये. वरून संरक्षण द्यायची गरज सीडीला असते, कारण तिचा थर वरच्या बाजूला पातळ लॅकरखालीच असतो. डीव्हीडीवर कागद चिकटवला की तोल जातो, गरम झाल्यावर ती किंचित वाकते आणि कडेचं वाचणं अवघड होतं. मऊ टोकाच्या मार्करने नाव लिहिलं की झालं.

टूथपेस्टने प्लॅस्टिकवरचे ओरखडे थोडे घासले जातात, एवढंच. काल बर्न केलेल्या डिस्कवर ओरखडे आले कुठून? धूळ असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

राहता राहिला प्लेअर. ‘विकत आणलेल्या डिस्क चालतात, म्हणजे प्लेअर ठणठणीत’ हेही खरं नाही. छापील एकथरी डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परावर्तित करते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू जेमतेम १८ ते ३० टक्के. लेझर थकला की आधी आरडब्ल्यू रुसतात, मग घरच्या साध्या डिस्क, छापील शेवटी. तेव्हा तीच डिस्क शेजाऱ्यांकडे लावून बघा आणि मगच पाकीट काढा. माझ्या ओळखीच्या एका काकांनी असं न करता नवा प्लेअर घेतला. त्यांची डिस्क दुहेरी थराची होती आणि एक थर संपून दुसरा सुरू होताना लेझरला नव्याने फोकस करावं लागतं, तेवढ्या वेळात चित्र क्षणभर थबकतं. नव्या प्लेअरवरही ती डिस्क नेमकी तिथेच थबकते.