इट्राकोनॅझोलला दोष देण्याआधी

नायटा किंवा नखातली बुरशी यांवर इट्राकोनॅझोल घेऊन गुण आला नाही की 'हे औषध आता लागू पडत नाही' म्हणत डोस वाढवला जातो. बुरशी औषधाला दाद देत नाही, असं काही वेळा खरंच घडतं. पण कॅप्सूल नेमकी कशी घेतली होती, याची चौकशी आधी व्हायला हवी. ती फार कमी वेळा होते आणि याचं मनापासून वाईट वाटतं, कारण औषध चांगलं आहे.

इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कॅप्सूलमधलं औषध विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि अन्नासोबत ते जास्त शोषलं जातं. म्हणून कॅप्सूल पोटभर जेवण झाल्याबरोबर, अख्खी गिळायची. उपाशीपोटी घेतली तर बरंचसं औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. गंमत म्हणजे याच औषधाचं पातळ द्रावण मात्र उपाशीपोटी घ्यायचं असतं. त्यात औषध आधीच विरघळलेलं असतं आणि अन्नामुळे त्याचं शोषण उलट कमी होतं. तेव्हा कॅप्सूलऐवजी द्रावण किंवा द्रावणाऐवजी कॅप्सूल अशी अदलाबदल आपल्या मनानं करू नये. नव्या पद्धतीच्या, जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलही मिळतात. त्यांचे मिलिग्रॅम कमी असतात, ते साध्या कॅप्सूलच्या आकड्याशी जुळवायला जाऊ नका.

आता पित्ताच्या गोळ्या. साधं अँटासिड असेल तर कॅप्सूलच्या आधी आणि नंतर दोन-दोन तासांचं अंतर ठेवलं की भागतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांचं तसं नाही. त्या आम्ल तयार होणंच दिवसभर दाबून ठेवतात, त्यामुळे वेळ बदलून उपयोग नाही. पित्ताची गोळी बंद करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. ती थांबवता येत नसेल तर कॅप्सूल साखर असलेल्या कोलासोबत घ्यायला सांगतात, कारण कोला आम्लधर्मी असतो. डाएट कोला यासाठी चालत नाही.

सुरक्षिततेत लोक यकृताचंच नाव घेतात. ते बरोबरच आहे. उपचार महिन्याहून जास्त चालणार असेल तर यकृताच्या तपासण्या हव्यात. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, कमालीचा थकवा, यांपैकी काही दिसलं तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण हृदयाकडे दुर्लक्ष होतं, त्याची जास्त काळजी वाटते. इट्राकोनॅझोल हृदयाची आकुंचनाची ताकद कमी करू शकतं. ज्यांना हृदय कमकुवत असल्याचं, 'हार्ट फेल्युअर' असल्याचं सांगितलेलं आहे, त्यांनी नखाच्या बुरशीसाठी हे घ्यायचंच नाही. औषध चालू असताना पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागला, एकदम वजन वाढलं, तर वाट बघू नका.

दुसरा धोका इतर औषधांचा. यकृतातलं जे एन्झाइम अनेक औषधं मोडतं, तेच हे औषध अडवतं. कोलेस्टेरॉलवरची सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन ही औषधं सोबत घेतली तर त्यांची रक्तातली पातळी चढून स्नायू विरघळू लागतात आणि मूत्रपिंडावर संकट येतं. अर्धशिशीवरचं अर्गोटामिनही वर्ज्य. दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसुद्धा शरीरात साचू शकतं, म्हणून पंपाचाही उल्लेख डॉक्टरांजवळ करा. उलट क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यासोबत इट्राकोनॅझोलचीच पातळी इतकी घसरते की उपचार फुकट जातो.

नखाच्या बुरशीसाठी गरोदरपणात हे औषध नको, आणि कोर्स संपल्यावरही दोन महिने गर्भधारणा टाळायची असते.

नखांसाठी पल्स पद्धत वापरतात: 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एक आठवडा, मग तीन आठवडे बंद. हातांच्या नखांना असे दोन पल्स, पायांच्या नखांना सहसा तीन. तिसरा पल्स संपला तरी नख खराबच दिसतं आणि माणूस घाबरून चौथा सुरू करतो. पण औषध नखात सहा ते नऊ महिने टिकून राहतं, आणि पायाचा अंगठा नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष घेतो. खराब भाग पुढे सरकत कापला जाणार असतो. मुळाशी येणारं नवं नख स्वच्छ आहे का, तेवढं दर महिन्याला फोटो काढून बघा.