बाटली कुठून भरायची?

पुण्यात मुळा-मुठेवर दरवर्षी जितके प्रोजेक्ट होतात तितके दुसऱ्या कुठल्या नदीच्या वाट्याला येत नसतील. बीएस्सीचे, एमएस्सीचे, आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एफपी (फील्ड प्रोजेक्ट) आणि सीईपीचेसुद्धा (समाजात जाऊन करायचं काम). ठिकाणं ठरलेली. विठ्ठलवाडी, डेक्कन, संगम, बंडगार्डन. पुलाखाली उतरायचं, नाक दाबून बाटली भरायची, लॅबमध्ये बीओडी, डीओ, पीएच (पाण्यातली घाण, प्राणवायू, आम्लता सांगणारे आकडे) काढायचा, तीन रंगांचे बार चार्ट टाकायचे आणि काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग करून त्यावर सोनेरी अक्षरं उमटवायची. निष्कर्ष : नदी प्रदूषित आहे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, मान डोलावतात, चहा-बिस्किटं होतात, पुढचा रोल नंबर आत येतो.

(पदवीच्या सक्तीच्या पर्यावरणाच्या पेपरासाठीचा प्रोजेक्ट तर झेरॉक्सच्या दुकानात तयारच मिळतो, फक्त पहिलं पान बदलायचं. त्याबद्दल बोलायलाच नको.)

मी समाजशास्त्र शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधिकांची तऱ्हाही काही वेगळी नसते. वस्तीतल्या महिलांची सामाजिक-आर्थिक स्थिती : एक अभ्यास. पन्नास जणींची प्रश्नावली, जात, शिक्षण, उत्पन्न, टक्केवारी. वस्ती ओढ्याकाठी आहे, पावसाळ्यात पाणी घरात येतं, पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही, यातलं काही त्या ऐंशी पानांत सापडणार नाही. म्हणजे विज्ञानवाल्यांच्या नदीला माणसं नाहीत आणि आमच्या माणसांना हवा, पाणी, ऊन काही लागत नाही! एकाच कॅम्पसवर, हाकेच्या अंतरावरच्या दोन इमारतींत हे वर्षानुवर्षं चालू आहे. आणि ज्या शहरात बसून आपण हे करतो तिथे कोणाला कुठलं पाणी आणि किती सावली मिळणार हे जात आणि पैसा बघून ठरतं.

एका विद्यार्थिनीमुळे हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं. दौंडकडची मुलगी, एमएस्सी पर्यावरणशास्त्र. गाइडनी सांगितलं, शहरातल्या पुलांवरून सॅम्पल घे, तुलनेला जुने आकडे आहेत. ती म्हणाली, सर, मी कालव्यातलं पाणी घेऊ का? आणि कालव्याशेजारच्या विहिरींचं?

ज्यांना कालव्याची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चार धरणं, मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी. तिथलं पाणी पुणेकर पितात, धुतात, फ्लश करतात. त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन नदीत येतं. मुंढव्याला जॅकवेल आहे, म्हणजे नदीतून पाणी उपसायची पंपांची विहीर. तिथून नदीचं पाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात आणि ते शेतीसाठी हवेली-दौंडकडे जातं. कागदावर हे प्रक्रिया केलेलं पाणी. प्रत्यक्षात कसं आहे ते कालव्याच्या काठी उभं राहिलं की बाटली न भरताही कळतं. शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे : चांगलं पाणी शहराला, वापरलेलं आम्हाला. यातला सगळ्यात बोचरा भाग असा की मावळतीकडच्या खोऱ्यांमध्ये धरणासाठी ज्यांची गावं गेली त्यांच्यातल्या काहींना जमिनी दिल्या त्या दौंडकडेच. आधी गाव बुडालं ते शहराच्या पाण्यासाठी, आता त्याच शहराचं सांडपाणी त्यांच्या शिवारातून वाहतंय.

तर या मुलीला दोन गोष्टी एकत्र बघायच्या होत्या. विहिरीच्या पाण्यात काय आहे, आणि ते पाणी कोण पितं. गावात आता जार मिळतो, फिल्टरचं पाणी. तो कोण विकत घेतं आणि कोणाला परवडत नाही? खुरपणीला आलेल्या मजूर बाया दिवसभर कुठलं पाणी पितात? प्रश्न इतका सरळ की दहावीतल्या पोरालाही कळावा. पण तिच्या विभागाने सांगितलं, हा दुसरा भाग विज्ञानात बसत नाही. ती आमच्याकडे आली, तर आमच्याकडच्यांनी सांगितलं, पाण्याची तपासणी आपल्या नियमांत बसत नाही, आणि दुसऱ्या विभागाची विद्यार्थिनी घ्यायची तर परवानगी लागेल. शेवटी तिने विहिरींचे नमुने तपासले, तक्ते केले, चांगले मार्क मिळवले. मजूर बायांशी झालेलं बोलणं तिच्या वहीत राहिलं. मी ती वही वाचली आहे. प्रबंधिकेपेक्षा वही सरस आहे.

बाटली कुठून भरायची हाच मुळात सामाजिक प्रश्न आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. पुलावरून भरली तर नदी सगळ्यांची दिसते आणि दोषही सगळ्यांचा. ‘नागरिकांमध्ये जागृती हवी’ असं वाक्य लिहून मोकळं होता येतं. कालव्यातून भरली की लगेच विचारावं लागतं, हे कुणी सोडलं आणि कुणाला प्यावं लागतंय.

असाच दुसरा नमुना उजनी धरणाच्या काठच्या भिगवणचा. हिवाळ्यात रविवारी पहाटे पुण्यातून गाड्याच्या गाड्या निघतात रोहित पक्षी बघायला. मीही जाते, सुंदरच दिसतात. मुलांचे प्रोजेक्टही होतात, किती प्रजाती, किती संख्या, कुठल्या महिन्यात. पण उजनीचं ते पसरलेलं पाणी ज्या जमिनींवर उभं आहे त्या कुणाच्या तरी होत्या. पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा आपण त्याचेही फोटो काढतो. त्या पाण्यात आपल्या शहराची घाण भीमेतून जाऊन मिसळते. आणि आपली होडी वल्हवणारा मासेमारी करणारा माणूस, त्याच्या जाळ्यात पूर्वी काय यायचं आणि आता काय येतं हे त्याला विचारलं तर अर्ध्या तासात एक प्रकरण तयार होईल. पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं. फार तर ऋणनिर्देशात, ‘स्थानिक नावाडी’ म्हणून.

यावर एक सहकारी नेहमी म्हणतात, मॅडम, ही चळवळ झाली, संशोधन नव्हे. मला या वाक्याची गंमत वाटते, कारण ते पुण्यात उच्चारलं जातं. ज्या शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि पाण्याचा प्रश्न जातीचा प्रश्न आहे हे करून दाखवलं, त्या शहरात. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायराना-कुरणांवर आणलेल्या बंदीमुळे गरीब शेतकऱ्याची गुरंढोरं कशी उपाशी मरतात याबद्दल त्यांनी लिहिलंय. आपण फुल्यांना शिक्षणाच्या चौकटीत बसवून टाकलं, पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव कुठे असतं?

बरं, फुले समाजसुधारक होते म्हणून सोडा. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे तर डेक्कन कॉलेजच्या, अस्सल विद्यापीठीय. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी आणि जाई निंबकरांनी केली, डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये छापली. धरण म्हणजे देशाची प्रगती असं जवळजवळ सगळेच मानत होते त्या काळात, उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं हे विचारणारं ते काम आहे. त्याला कुणी चळवळ म्हणत नाही.

आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत? कचरा वेचणाऱ्यांची १९९३ ची संघटना, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचा आधार होता, पण तिची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत. साक्षरतेचे वर्ग घ्यायला गेलेल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्यांबरोबर फिरल्या, तेव्हा दिसलं की शहराचं केवढं तरी रिसायकलिंग या बाया फुकटात करताहेत आणि वर चोर म्हणून शिव्या खाताहेत. बहुतेक जणी दलित. कितीतरी कुटुंबं ७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. आता या एका बाईच्या पोत्यात काय काय आहे बघा : मराठवाड्यातला न पडलेला पाऊस, जात, स्थलांतर, पुण्याचं प्लॅस्टिक. हे कुठल्या विभागात घालणार? त्या अभ्यासातून पुढे महापालिकेच्या सहीचं ओळखपत्र आलं, ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आज तुमच्या दारातला ओला-सुका कचरा घेऊन जाते ती बाई बहुधा तिचीच सभासद असते. विद्यापीठातल्या कामाचा पुणेकरांच्या रोजच्या जगण्यावर एवढा थेट परिणाम झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

हे सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. विद्यार्थ्याचं काम त्याच माणसांच्या अंगावर उलटूही शकतं. आजकाल मुलं जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र) शिकतात, उत्तम नकाशे करतात. ओढ्याकाठचा नकाशा काढायचा, निळी पूररेषा टाकायची, आतली घरं लाल रंगात, वर शीर्षक ‘अतिक्रमण’. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला त्यानंतर असे नकाशे खूप झाले. त्यात हमखास लाल होते ती वस्ती. रीतसर परवानगी घेऊन ओढ्याला चेपत उभ्या राहिलेल्या सोसायटीला रंगच नसतो, कारण ती कागदोपत्री अतिक्रमण नाही. मग २०२१ च्या जूनमध्ये, पावसाळा लागलेला असताना, दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरं पाडायला घेतली गेली. कोर्टाची स्थगिती आली तोवर कितीतरी घरं जमीनदोस्त झाली होती. हे कुणा विद्यार्थ्याच्या नकाशामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द आपण कुठून उचलला हे तरी व्हायवात, तोंडी परीक्षेत, विचारावं की नाही? आणि २५ जुलै २०२४ ला, मुठेला पूर आलेला असताना, पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने गेलेले तिघे हातगाडीवर काम करणारे होते. पुराचा अभ्यास करताना क्युसेक मोजायचेच, पण त्या रात्री गाडी हलवायला पाण्यात उतरावं कुणाला लागतं हेही मोजायचं.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यात जाते. जी मुलं अशा जागांतून येतात, जनता वसाहतीतली, कालव्याकडची, भीमाशंकरच्या अभयारण्यालगत हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी घरांतली, त्यांना आपण सांगतो, स्वतःच्या वस्तीवर काम करू नकोस, बायस (पूर्वग्रह) येतो. आणि कोथरूडच्या फ्लॅटमधून टेकडीवर फिरायला जाणारा मुलगा टेकडीवर प्रोजेक्ट करतो त्याला बायस नसतो! वेताळ टेकडीच्या पक्ष्यांची यादी दरवर्षी नवी होते. पायथ्याच्या वस्तीतून सरपणाला जाणाऱ्या बायांना कुठली झाडं तोडली तरी चालतात, टेकडीवर लावलेली ग्लिरिसिडियाची झाडं वाढल्यावर खालचं गवत गेलं का, शेळ्या कुठे न्यायच्या, हे कुणी विचारत नाही. त्यात आता गूगल फॉर्म निघालाय, म्हणजे वस्तीत जायचीही गरज नाही. नदीकाठच्या वस्तीतल्या आरोग्याचा सर्व्हे गूगल फॉर्मवर करून आणलेला मी बघितलाय. वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकलेली. भरणारे सगळे वर्गमित्र.

मुलांना तरी किती बोलणार. एसटीचं भाडं खिशातून, होस्टेलला वेळेत परत यायचं, मुलींच्या घरी ‘कशाला त्या वस्त्यांमध्ये फिरतेस’. संशोधन करणारी मोठी मुलं बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर बसलेली आपण पाहतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये थेट विधान परिषदेत प्रश्न आला की पीएचडी करून काय दिवे लावणार. कालव्याकाठी आठवडाभर राहायचा खर्च कोणी देत नाही, पण बाइंडिंगचा रंग काळाच हवा यासाठी परिपत्रक निघतं.

मी अभ्यास मंडळावर नाही, तेव्हा माझ्या मागण्या वाऱ्यावरच जाणार. तरी सांगते. अशा विषयाला दोन विभागांचे दोन गाइड चालावेत, एवढा बदल एका ठरावात होतो. शेवटी चार पानं मराठीत लिहावीत आणि ज्यांच्याशी बोललो त्यांच्यासमोर, ग्रामपंचायतीत नाहीतर वस्तीच्या समाजमंदिरात, वाचून दाखवावीत. त्याला मार्क ठेवावेत. चुकलं असेल तर तिथल्या बायका तोंडावर सांगतात. एक्स्टर्नल इतका कडक कुठला मिळायला?

जूनमध्ये विषय ठरतील. ज्यांना कालव्याचं काम करायचंय त्यांनी पुणे-दौंड डेमू रेल्वेने एकदा जाऊन या, विषय पक्का करायच्या आधी. लोक बोलतात, चहाही देतात. फक्त कांदा काढणीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा मान वर करायला कुणाला फुरसत नसते. पाण्याच्या तपासणीसाठी लॅब आणि गाइड तुमच्या विभागात मिळतील. समाजशास्त्राच्या बाजूने सही करायला कुणी तयार नसेल तर इनबॉक्समध्ये या, मी करते.