बदकांची जोडी आणि मादीची मान: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. नर बदकं कमी ठेवण्याबद्दलचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही ते तुम्ही सविस्तर लिहिलंत. पवईच्या तलावावर रानटी हळदी-कुंकू बदकं जोडीने फिरताना तुम्ही पाहिली आहेत. तेव्हा एका नरामागे पाच-सहा माद्या हा हिशोब माणसाच्या अंड्यांच्या हावेतून आला, नर बाजूला काढणं क्रूरपणा आहे, असं तुमचं म्हणणं. तुमच्या मुलुंडच्या आवारात एक नर, एक मादी मजेत आहेत. मादीच्या मानेवरची पिसं तेवढी गेली आहेत, पण तो पिसं झडायचा मोसम.

हावेचं आधी मिटवू. अंडी घालायला मादीला नर लागतच नाही. नुसत्या माद्या पाळल्या तरी अंडी मिळतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. मला अंड्यांचीच हाव असती तर मी ‘एकही नर ठेवू नका’ असं लिहिलं असतं. खाकी कॅम्पबेलसारख्या हलक्या जातीत एका नरामागे सहा-सात आणि पेकिनसारख्या जड जातीत चार-पाच माद्या ठेवतात, ते पिल्लं हवी असतील तर. आणि नराचा सगळा भार एकाच मादीवर पडू नये म्हणूनही.

आता पवई. तिथल्या जोड्या खऱ्याच आहेत. पण आपल्या अंगणातली बहुतेक बदकं मलार्ड या रानबदकाच्या वंशातली. (मस्कोव्ही सोडून, ती वेगळीच प्रजाती.) रानातले मलार्ड थंडीत जोड्या जमवतात आणि मादी अंड्यांवर बसली की नर चालू पडतो. जोडीबाहेरचे नर मादीवर जबरदस्ती करतात, हे तिथेही घडतं. फरक एवढाच की रानातली मादी उडून जाऊ शकते, पाणगवतात लपू शकते. तुमच्या मादीला कंपाउंडची भिंत आहे. शिवाय पाळीव नराला वर्षातला बराच काळ तीच एक मादी समोर दिसते. ‘जोडीने बरी दिसतात’ म्हणून बाजारातून एक नर, एक मादी आणणं ही मुंबईतल्या हौशी माणसांची आवडती रीत आहे, आणि मादीच्या दृष्टीने याहून वाईट रचना एकच: दोन नर, एक मादी.

म्हणून त्या मानेकडे नीट बघा. मीलनाच्या वेळी नर चोचीने मादीची मान मागून पकडतो आणि तिच्या पाठीवर चढतो. त्यामुळे खुणा ठरावीक जागी उमटतात: डोक्याची मागची बाजू, मान आणि पाठ. पिसं झडायचा मोसम असेल तर ती सगळ्या अंगावरून जातात, पंखांचीसुद्धा, आणि त्या जागी नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसतात. तुमच्या मादीची फक्त मानच उघडी असेल, कातडी लाल असेल, खपली धरली असेल, तर तो मोसम नाही, तो नर आहे. ती लंगडते का, खायला यायचं टाळते का, डोळा सुजलाय का, हेही पाहा. टाकीत किंवा हौदात सोडत असाल तर जास्तच लक्ष ठेवा. नर वर असताना मादीचं डोकं पाण्याखाली जातं, आणि एकामागून एक नर चढले तर ती बुडूनही मरते.

नरांचं काय करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या गोराईकडे नाताळात डक मोइली, म्हणजे बदकाचा एक पदार्थ, शिजते, त्यामुळे जादा नर कुठे जातात हे मी लपवत नाही. पण तो एकच मार्ग नाही. नुसत्या नरांचा कळप छान राहतो, माद्या नजरेआड असल्या की भांडणंही फारशी होत नाहीत. मात्र नर कोंबड्यांत सोडू नका. कोंबड्याला लिंग नसतं, बदकाला असतं, आणि कोंबडीला त्याने आतून इजा होते.

तुमच्याकडे दोनच पक्षी आहेत, त्यामुळे तुम्हाला सांगेन ते थोडं वेगळं. मध्ये जाळी लावा. बदकाला एकटेपणा सोसत नाही, जाळीतून दोघं एकमेकांना दिसत राहतील. जखम भरून आली की आणखी तीन-चार माद्या आणा, आणि सगळ्या एकमेकींत रुळल्या की मगच नराला सोडा. माद्या वाढवायला जागा नसेल तर जाळी कायमची. मुळापासून उपटलेली पिसं काही आठवड्यांत येतात. अर्धी तुटलेली मात्र पुढच्या झडीपर्यंत तशीच राहतात, तेव्हा लगेच मान भरली नाही म्हणून घाबरू नका.

नव्या माद्या घेताना पिल्लं नकोत, पिल्लांत नर-मादी नुसतं बघून कळत नाही. वाढलेली घ्या आणि आवाज ऐका: मोठ्याने ‘क्वॅक’ करते ती मादी, घोगरं पुटपुटतो तो नर. नराच्या शेपटीवर एक-दोन वळलेली पिसंही असतात, पण झडीच्या दिवसांत ती गळतात, म्हणून आवाजावरच भिस्त ठेवा. मानेचा फोटो इथेच टाकलात तर बघून सांगेन.