‘चालू व्हीएमला नेटवर्क कार्ड जोडू नका, सरळ रीबूट करा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा आभासी संगणक) सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला इतका फिरला आहे की नवा माणूस तो नियम म्हणूनच शिकतो. सल्ला साधारण असा : चालू व्हीएमला नेटवर्क कार्ड जोडण्याची सोय भरवशाची नाही, कार्ड कधी दिसते तर कधी दिसत नाही, क्यू३५ या प्रकारच्या आभासी मदरबोर्डवर तर हे चालतच नाही, म्हणून आय४४०एफएक्स हा जुना प्रकार घ्यावा, होस्टने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या संगणकाने, ‘यशस्वी’ असे सांगितले की होस्टचे काम संपले, पुढचा दोष गेस्टचा, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि काहीही बिघडले तरी रीबूट केले की सगळे जागेवर येते. यातले प्रत्येक विधान कुणाच्या तरी खऱ्या अनुभवातून आलेले आहे, हे मला मान्य आहे. मात्र त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष चुकला आहे आणि त्यापायी चालू सेवा विनाकारण बंद केल्या जातात, म्हणून हे लिहीत आहे. माझे म्हणणे लिनक्सवरील केव्हीएम आणि क्यूईएमयू (दोन्ही मिळून व्हीएम चालवतात) आणि त्यांचा कारभार पाहणारे लिबव्हर्ट यांच्यापुरते आहे. व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या व्हीएम सॉफ्टवेअरमध्ये चालू मशीनला नवे कार्ड खरोखरच जोडता येत नाही, असलेल्या कार्डाची जोडणी तेवढी बदलता येते. तिथे हात बसलेल्यांनी तोच समज इकडे आणला असेल, तर त्यात नवल नाही.

पहिले विधान ‘कधी दिसते, कधी दिसत नाही’ हे. ‘दिसणे’ या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. क्यूईएमयू आभासी उपकरण तयार करते. एसीपीआय (ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देणारी व्यवस्था) किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या स्वतःच्या पद्धतीने गेस्टला सूचना जाते. गेस्टचा कर्नल ते उपकरण पीसीआय बसवर, म्हणजे उपकरणे जोडण्याच्या मार्गावर, नोंदवतो. त्याचा ड्रायव्हर लागून इंटरफेसला नाव मिळते. आणि शेवटी कुणीतरी त्याला आयपी पत्ता देते. आपण पाहतो ती फक्त शेवटची पायरी, आणि पत्ता नसला की ‘कार्ड आलेच नाही’ म्हणून मोकळे होतो. एका रात्री मी स्वतः यात दोन तास घालवले. ‘आयपी लिंक’ या आज्ञेत नवा इंटरफेस नव्हता. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, मात्र नव्या पीसीआय उपकरणाची ओळ स्वच्छ उमटली होती आणि तिच्यात १०ईसी:८१३९ हा क्रमांक होता. पीसीआय उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय -के’ चालवल्यावर त्याच उपकरणाखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळच नव्हती. लिबव्हर्टची ‘व्हर्श अटॅच-इंटरफेस’ ही कार्ड जोडण्याची आज्ञा देताना मी मॉडेल लिहायचे विसरलो होतो, आणि तसे केल्यास लिबव्हर्ट एक्स८६ वर सहसा आरटीएल८१३९ हे जुने कार्ड देते. गेस्टमध्ये क्लाउडसाठी छाटलेला कर्नल होता, त्यात त्या कार्डाचा ड्रायव्हरच नव्हता. मॉडेल ‘व्हर्टआयओ’ (खास व्हीएमसाठी असलेले आभासी कार्ड) असे लिहून कार्ड पुन्हा जोडले आणि ते लगेच उभे राहिले. हॉटप्लगने, म्हणजे चालू मशीनला कार्ड जोडण्याच्या सोयीने, आपले काम दोन्ही वेळा चोख केले होते.

क्यू३५ विषयीचे विधान अधिक तपशिलाने पाहायला हवे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. क्यू३५ च्या मुख्य बसवर, म्हणजे पीसीआयई-रूटवर, चालू मशीनमध्ये काही जोडता येत नाही, हे खरे. जोडायचे असते ते पीसीआयई-रूट-पोर्टवर, आणि एका पोर्टवर एकच उपकरण बसते. पोर्ट शिल्लक नसेल तर लिबव्हर्ट मोकळा पीसीआय स्लॉट उरलेला नसल्याची त्रुटी देते, आणि नेमक्या याच त्रुटीवरून ‘क्यू३५ वर हॉटप्लग नाही’ असा समज रूढ झाला. उपाय साधा आहे : व्हीएमच्या व्याख्येत ‘पीसीआयई-रूट-पोर्ट’ मॉडेलचे चार-सहा कंट्रोलर आधीच लिहून ठेवावेत. पोर्ट स्वतः चालू मशीनला जोडता येत नाहीत, त्यामुळे ते लिहिल्यावर व्हीएम एकदा पूर्ण बंद करून सुरू करावी लागते. म्हणून हे काम मशीन उभारतानाच उरकणे शहाणपणाचे. आय४४०एफएक्सच्या बसवर हॉटप्लगला मोकळे स्लॉट भरपूर मिळतात, हे मी नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी ते निवडणाऱ्याला पीसीआय एक्सप्रेसवर आणि यूईएफआय फर्मवेअरच्या सिक्युअर बूटवर (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीवर) पाणी सोडावे लागते.

गेस्ट फार जुना असेल, समजा आरएचईएल ६ या रेड हॅटच्या जुन्या लिनक्सच्या पिढीतला, तर अडचण वेगळी असते. रूट-पोर्टवर बसलेले व्हर्टआयओ कार्ड केवळ नव्या पद्धतीने बोलते आणि जुन्या कर्नलला ती पद्धत येत नाही. अशा गेस्टसाठी लिबव्हर्ट ५.२ पासून ‘व्हर्टआयओ-ट्रान्झिशनल’ हे मॉडेल उपलब्ध आहे. ते जुन्या पीसीआय स्लॉटवर बसते, म्हणजे क्यू३५ वर त्यासाठी पीसीआयई-टू-पीसीआय ब्रिजची तजवीज लागते.

‘होस्टने यशस्वी म्हटले की होस्ट निर्दोष’ हे तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की क्यूईएमयूने उपकरण स्वीकारले आणि होस्टवर टॅप इंटरफेस (व्हीएमच्या कार्डाचे होस्टवरचे टोक) तयार झाला. पुढे पॅकेट जाते की नाही, याची हमी त्यात नाही. नेहमी आढळणारे उदाहरण डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचे. डॉकर १.१३ पासून सहसा होस्टच्या फायरवॉलमधल्या फॉरवर्ड साखळीचे (पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांचे) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे पॅकेट टाकून देणे, असे करते, आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड झालेले असेल तर ब्रिजवरची, म्हणजे होस्टमधल्या आभासी स्विचवरची, वाहतूकही त्याच साखळीतून जाते. व्हीएमचे पहिले कार्ड सहसा लिबव्हर्टच्या नॅट नेटवर्कवर (होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाणाऱ्या जाळ्यावर) असते आणि त्यासाठी लिबव्हर्टने स्वतःचे परवानगीचे नियम घातलेले असतात, म्हणून ते बहुधा चालते. आपण बांधलेल्या ब्रिजवर जोडलेले दुसरे कार्ड मात्र मुके राहते. अशा वेळी होस्टवर त्या व्हीएनईटी इंटरफेसवर (वर सांगितलेल्या टॅपवर) आणि ब्रिजमधल्या खऱ्या कार्डावर एकाच वेळी ‘टीसीपीडंप’ हे पॅकेट दाखवणारे साधन लावावे. डीएचसीपीची, म्हणजे आपोआप आयपी पत्ता मागणारी, विनंती पहिल्यावर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही, एवढे कळले की गेस्टमध्ये शोधाशोध करण्याचे कारण उरत नाही.

आता रीबूट. गेस्टच्या आतून रीबूट केले तर होस्टवरची क्यूईएमयू प्रक्रिया तीच राहते, म्हणून जोडलेले कार्डही राहते. व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली तर लिबव्हर्ट ती साठवलेल्या व्याख्येवरून नव्याने उभी करते, आणि कार्ड केवळ ‘--लाइव्ह’ने (फक्त चालू मशीनपुरते) जोडलेले असेल तर ते नाहीसे होते. ‘कार्ड कधी असते, कधी नसते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते; ‘--लाइव्ह’ आणि साठवलेल्या व्याख्येतही नोंद करणारे ‘--कॉन्फिग’ दोन्ही दिले की ती मिटते. पत्ता न मिळण्यावर तर रीबूट हा उपायच नव्हे. क्लाउड-इनिट हे गेस्टची सुरुवातीची मांडणी करणारे साधन सहसा पहिल्या बूटलाच नेटवर्कची मांडणी लिहिते, त्यामुळे नंतर आलेले कार्ड दहा वेळा रीबूट केले तरी पत्त्याविना राहते. नेटप्लॅनच्या (उबंटूसारख्या प्रणालींतल्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये त्याचा एमएसी पत्ता लिहून ‘नेटप्लॅन अप्लाय’ करावे लागते. जिथे नेटवर्कमॅनेजर हे नेटवर्क सांभाळणारे दुसरे साधन असते तिथे ते बहुधा आपणहून जोडणी करते, पण सर्व्हरच्या मांडणीत ‘नो-ऑटो-डिफॉल्ट’ घातलेले असेल तर तेही गप्प बसते. आणि नव्या कार्डाने डीएचसीपीतून दुसरा डिफॉल्ट मार्ग आणल्यामुळे जुने एसएसएच (दूरून लॉगिन करण्याची जोडणी) अडकले असेल, तर रीबूटनंतर ते पुन्हा तसेच अडकणार. तिथे मार्गांचे मेट्रिक (कोणता मार्ग आधी, हे ठरवणारा आकडा) आणि ‘आरपी-फिल्टर’ (चुकीच्या कार्डावरून आलेली पॅकेट नाकारणारी कर्नलची तपासणी) पाहायला हवेत.

रीबूटने खरोखर सुटणारी एक गोष्ट आहे, ती कार्ड काढण्याची. काढण्याची आज्ञा ही गेस्टला केलेली विनंती असते. गेस्ट अजून बूट होत असेल तर ती ऐकायला तिथे कुणी नसते, आणि गेस्ट रीसेट झाला की क्यूईएमयू अडकलेली विनंती पुरी करते. तरीही गेस्ट पूर्ण वर आल्यावर काढण्याची ‘डिटॅच’ आज्ञा पुन्हा देऊन पाहणे हा पहिला उपाय असावा, आणि ‘व्हर्श इव्हेंट’वर उपकरण काढल्याची घटना येईपर्यंत तोच एमएसी पत्ता दुसऱ्या व्हीएमला देऊ नये.