फॉइलमध्ये गुंडाळलेला थर्मोस्टॅट

परवा रात्री साडेअकराला लेस्टरहून धाकट्या मावसबहिणीचा फोन. घर गार पडलंय, सात महिन्यांची पोर रडतेय आणि तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला, घर तापवणारा कोरा गॅस बॉयलर चालू व्हायला तयार नाही. म्हटलं, थर्मोस्टॅटवर, म्हणजे घर किती तापवायचं ते बॉयलरला बिनतारी सांगणाऱ्या डबीवर, काय दिसतंय ते सांग. म्हणाली, "थांब, काढते." कुठून काढतेस? तर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून. पोळ्या बांधायच्या फॉइलमध्ये दोन पदरी गुंडाळून ठेवला होता.

कारण अर्थातच एक फॉरवर्ड. 'यूकेतल्या मराठी बंधुभगिनींनो, बॉयलर कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत', खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले. तो तिला नाशिकहून मावशीने पाठवला, मावशीला भिशीच्या ग्रुपवर मिळाला आणि तिथे कुठून उगवला ते त्र्यंबकेश्वराला ठाऊक. फोन ठेवल्यावर मी तो मागवून घेतला, वाचला आणि झोप उडाली. म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा फॉइलचा. 'वायरलेस थर्मोस्टॅट चोवीस तास रेडिएशन सोडतो, त्याने डोकेदुखी आणि कॅन्सर होतो, रात्री फॉइलमध्ये ठेवा.' अहो, जे यंत्र दोन पेन्सिल सेलवर वर्ष वर्ष चालतं, ते चोवीस तास काय सोडणार? यातले बरेचसे थर्मोस्टॅट 868 मेगाहर्ट्झवर बोलतात. त्या पट्ट्यात कमाल शक्तीची मर्यादा 25 मिलिवॅट, आणि साध्या यंत्राला एकूण वेळेच्या 1 टक्काच बोलायची मुभा, म्हणजे तासाला 36 सेकंद. प्रत्यक्षात ते तेवढंही बोलत नाही. 'चालू कर', 'बंद कर', संपलं. हा मेसेज ज्या मोबाइलवर वाचला तो गरज पडली की याच्या कैकपट जोराने बोलतो आणि रात्री उशीखाली असतो. त्याला कुणी फॉइल गुंडाळत नाही.

यात अर्धा टक्का खरं आहे ते नाइलाजाने सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना '2बी' गटात टाकलं. म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तुटपुंजा. त्याच गटात आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या लोणच्यातल्या भाज्याही आहेत. (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, पण मावशीला एवढं बारकाईने सांगायची माझी इच्छा नाही.)

आणि फॉइलने झालं काय? थर्मोस्टॅटचा आवाज बॉयलरजवळच्या रिसीव्हरपर्यंत पोचेना. संपर्क तुटला की रिसीव्हर हीटिंग बंद करतो. तो तसाच बनवलाय.

इथवर हसता येतं. पुढचे दोन मुद्दे वाचून हसू पळालं. 'बाहेरच्या भिंतीतल्या पाइपातून पांढरी वाफ जाते, ती तुमच्या पैशांची उष्णता आहे, थंडीत त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी बांधा.' आणि लगेच खाली, 'कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा विक्रीचा फंडा आहे, गॅस गळला तर वास येतोच.'

आधी वाफेचं. इंग्लंडमध्ये 2005 पासून बसणारे गॅस बॉयलर जवळजवळ सगळे कंडेन्सिंग आहेत. ते जळलेल्या वायूंमधली उष्णता शेवटपर्यंत पिळून घेतात. बाहेर पडणारा वायू इतका गार झालेला असतो की त्यातल्या पाण्याचे थेंब पांढरे दिसतात. पैसे वाचल्याची ती खूण, त्यालाच म्हणे पिशवी.

तो पाइप म्हणजे बॉयलरचं नाक आणि धुराडं दोन्ही. आत्ताचे बॉयलर ज्वलनासाठी हवा घराबाहेरूनच घेतात आणि धूरही बाहेर टाकतात, बहुतेक वेळा एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून. तोंड बांधलं की हवा कमी पडते. पुरेशा हवेविना गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. चांगला बॉयलर अशा वेळी बहुधा स्वतः बंद पडतो, हे मला माहीत आहे. 'बहुधा'च्या भरवशावर सात महिन्यांचं बाळ झोपवायचं का, ते ज्याने लिहिलं त्याने सांगावं.

आता वासाचं. घरात येणाऱ्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं रसायन मिसळतात. ते जळून जातं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. पहिली लक्षणं काय, तर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ. बाहेर पडलं की बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा सुरू. पहिल्या मुद्द्यात या पठ्ठ्याने डोकेदुखीचं खापर थर्मोस्टॅटवर फोडलंय, दुसऱ्यात धुराडं बांधायला लावलंय आणि तिसऱ्यात अलार्म काढायला. म्हणजे धूर खरंच घरात आला, डोकं दुखू लागलं, तर माणूस फॉइलचा तिसरा पदर गुंडाळणार.

न्हाणीघरातल्या गॅस गीझरने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण नाशिक-पुण्यात वाचलेल्या आहेत. मावशीनेही वाचल्यात. तोच वायू. आणि अलार्म हा फंडा असेल तर तो इंग्लंडच्या कायद्यात आहे: 1 ऑक्टोबर 2022 पासून नवा बॉयलर बसवला की अलार्मही बसवावा लागतो, भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या राहत्या खोलीतही घरमालकाला तो लावावा लागतो. बहिणीचा अलार्म इंजिनियरने बसवून दिला होता. तिने तो काढून कपाटात ठेवला होता, कारण 'बाळ दचकेल'. शंका आली तर खिडक्या उघडा, बॉयलर बंद करा, बाहेर पडा आणि गॅसच्या आणीबाणीच्या नंबरला, 0800 111 999 ला, फोन करा. चोवीस तास उचलतात.

बाकीचं भराभर. 'सगळ्यात मोठा, 42 किलोवॅटचा घ्या.' नका घेऊ. साध्या तीन बेडरूमच्या घराला गरम राहायला सहसा दहा किलोवॅटच्या आतबाहेर लागतात. कॉम्बीत, म्हणजे घरासोबत नळाचं पाणीही टाकीशिवाय तापवणाऱ्या बॉयलरमध्ये, मोठा आकडा लागतो तो नळाच्या गरम पाण्यासाठी. 30 किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण 12 लिटर पाणी 35 अंशांनी तापवतो. एक शॉवर असलेल्या घराला तेवढं पुष्कळ. फार मोठा घेतला तर हीटिंगला तो सारखा पेटत-विझत बसतो.

'थर्मोस्टॅट 30 वर ठेवला की घर लवकर तापतं.' साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटने अजिबात नाही. 20 ला थांबायच्या ऐवजी पुढे जातो, एवढंच.

'वायरलेस आहे, वायर नाहीत, स्वतः बसवा.' भिंतीवरच्या डबीला वायर नसते. रिसीव्हरला 230 व्होल्टची असते. आणि गॅसला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे तिथल्या परवानाधारक गॅस कारागिरांच्या यादीत, हवाच. त्याचं कार्ड मागून बघा, त्यात संकोच कसला.

उरला एक, तो बरोबर आहे, आणि याचाच मला जास्त राग आहे, कारण असा एक खरा मुद्दा असला की बाकीचे सहा खपतात. 'बॉयलरचं तापमान कमी करा.' हो, खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरकडे जाणारं पाणी 75-80 ऐवजी 60 वर ठेवलं तर परतीचं पाणी 55 च्या खाली येतं आणि कंडेन्सिंग नीट होतं. गॅस वाचतो. पण पुढे 'गरम पाण्याची टाकीही 45 वर आणा' लिहिलंय, ते करू नका. साठवलेलं पाणी 60 ला हवं, नाहीतर लीजिओनेला नावाचा जिवाणू त्यात सुखाने वाढतो. बहिणीकडे कॉम्बी आहे, टाकीच नाही, म्हणून तेवढं तरी वाचलं.

फॉइल काढल्यावर मिनिटभरात फोनवरून मला रिसीव्हरची टक् ऐकू आली. थर्मोस्टॅट आता हॉलच्या आतल्या भिंतीवर आहे, छातीच्या उंचीला, रेडिएटर आणि उन्हापासून लांब. अलार्म कपाटातून निघून वर गेला. पिशवीचं विचारलं, तर जावईबापू शनिवारी बांधणार होते, शेजाऱ्याकडून शिडी आणून ठेवली होती. ती रविवारी परत गेली.

मावशीने माझा निरोप भिशीच्या ग्रुपवर टाकला. तिघींनी हात जोडले. चौथीने खाली तोच फॉरवर्ड पुन्हा टाकला.