जेनीचे केस

'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीचा विषय निघाला की बहुतेक जण नाशपातीच्या झाडापाशी थांबतात. सोळा वर्षांची जेनी बहरलेल्या झाडाखाली पडून फुलांत शिरणाऱ्या मधमाश्या बघते आणि लग्न म्हणजे हेच, असं मनाशी धरते. सुंदरच आहे ते. पण त्या झाडाखाली जेनीला स्वप्न मिळतं. ती स्वतः नाही सापडत. माझ्या मते या कादंबरीचा जीव तिच्या केसांत आहे.

झोरा नील हर्स्टनने हे पुस्तक १९३७ साली आणलं. इटनव्हिल हे फ्लोरिडातलं कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव, झोरा तिथेच वाढली. कादंबरीत जेनीचा दुसरा नवरा, जो स्टार्क्स, या गावाचा महापौर होतो. दुकानात कुणीतरी जेनीच्या वेणीच्या टोकाला हळूच हात लावताना त्याला दिसतो, आणि हुकूम सुटतो: दुकानात केस फडक्यात बांधायचे. कारण तो तिला कधीच सांगत नाही. गावावर गोऱ्यांची सत्ता नाही, तरी जेनीच्या डोक्यावर ते फडकं आहेच.

पुढे जो मरतो. जेनी आरशासमोर जाते, फडकं ओढून काढते, केस मोकळे सोडते, स्वतःला नीट न्याहाळते. आणि मग केस विंचरून पुन्हा बांधते, चेहरा लोकांना हवा तसा करते, खिडकी उघडते आणि जो गेल्याचं ओरडून सांगते. फडकी जाळते ती दफन झाल्यावर. ते 'पुन्हा बांधणं' वाचताना मी दरवेळी थांबते. दुसऱ्या कुणी तिला तशीच मोकळ्या केसांनी बाहेर आणली असती. झोराला माहीत होतं की बाई आधी बंद खोलीत मोकळी होते, गावासमोर नंतर.

तरी 'केस म्हणजे स्वातंत्र्य' असं एका ओळीत म्हणून सुटका होत नाही. जेनीची आजी गुलाम होती आणि जेनीची आई ही त्या आजीला गोऱ्या मालकापासून झालेली मुलगी. त्या लांब केसांत मालकाच्या घराण्याचा वारसाही आहे. मिसेस टर्नर, स्वतः कृष्णवर्णीय पण गोरेपणाची भक्त असलेली बाई, जेनीपुढे गोंडा घोळते ती तिच्या अशाच गोऱ्या वळणाच्या रूपासाठी. जेनीला जे सगळ्यात आपलं वाटतं त्यालाच आजीवरच्या जुलमाचा डाग आहे, आणि झोरा तो पुसत नाही.

कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइटने तेव्हाच्या परीक्षणात लिहिलं की या कादंबरीला ना विषय, ना संदेश. याचा मला आजही राग येतो. नंतर पुस्तक बाजारातूनच गेलं. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकरने झोराची बेवारस कबर शोधून तिथे दगड बसवला, आणि १९७८ ला पुस्तक पुन्हा छापलं गेलं.

संवादांतली कृष्णवर्णीयांची इंग्रजी बोली पहिल्या पानांत अडवते. तेव्हा अभिनेत्री रूबी डी यांच्या आवाजातलं ऑडिओबुक लावा, सोबत पुस्तक उघडं ठेवा.